तुमच्या लेकीला बीजगणित येतंय की!

पत्र असं आहे, थोडं काटछाट करून देतेय:

"बाई, नमस्कार. मी विक्रोळीला कन्नमवार नगरात राहते. मुलगी आठवीत आहे, स्टेट बोर्ड, सेमी इंग्लिश. गेल्या महिन्यात पालकसभेत सांगितलं की हिची बॅच नववीत जाईल तेव्हा गणिताचं पुस्तक बदलणार आहे, आणि गणितात काय हवं, काय नको ते पालकांनी कागदावर लिहून द्या. तेव्हापासून आमच्या घरात महाभारत सुरू आहे. आमचे हे म्हणतात बीजगणित काढूनच टाका, क्ष आणि य आयुष्यात कुणाला लागलाय, त्यापेक्षा ईएमआय, टॅक्स, म्युच्युअल फंड शिकवा, अमेरिकेत पण म्हणे काढलं. सासरे, म्हणजे अप्पा, जुन्या अकरावीच्या मॅट्रिकचे, ते म्हणतात भूमितीची पार वाट लावली, आता पोरांना एक सिद्धता धड लिहिता येत नाही. जाऊबाई म्हणतात सीबीएसईला टाका, तिथे सोपं गणित मिळतं. आणि मुलगी म्हणते, आई टेन्शन कशाला, आता २० मार्कांना पास करणारेत. युनिट टेस्टला २० पैकी ६ पडलेत. पेपरचा फोटो जोडलाय. कागदावर काय लिहू ते सांगा, आणि हिचं काय करू तेही सांगा."

ताई, पत्र वाचलं आणि खरं सांगू का, पत्रापेक्षा फोटोच जास्त वेळ बघत बसले. चहा गार झाला. तुमच्या घरात तीन मोठ्या माणसांची तीन मतं आहेत आणि चौथी जी आहे, जिचं हे सगळं चाललंय, तिचं म्हणणं त्या पेपरात लिहिलेलं आहे, पण ते कुणी वाचलंच नाहीये. तपासणाऱ्यानेही नाही, हे मी जरा घाबरतच म्हणतेय कारण मी स्वतः पस्तीस वर्षं असेच पेपर तपासलेत.

तिसऱ्या प्रश्नातलं दुसरं गणित बघा. २क्ष/३ + क्ष/४ = ११. (तिच्या पेपरात इंग्रजी एक्स आहे, मी आपला क्ष लिहिते, हात वळत नाही.) तिने काय केलंय, खालच्या ओळीत लिहिलंय ३क्ष/७ = ११. मग ३क्ष = ७७. मग क्ष = ७७/३. आणि त्यावर लाल पेनाने एक मोठ्ठी आडवी फुली आणि शून्य.

आता जरा नीट बघा. पहिली पायरी चुकली, तिने वरचं वर मिळवलं, खालचं खाली मिळवलं, २ आणि १ तीन, ३ आणि ४ सात. पण त्यानंतर? ३क्ष/७ = ११ आहे म्हटल्यावर सात तिकडे गुणायला गेले, मग तीनने भागलं, आणि उत्तर ७७/३ असं वेडंवाकडं आलं तरी बिचकली नाही, तसंच लिहून टाकलं. हे सगळं बरोबर आहे! समीकरण सोडवणं म्हणजे जे काय असतं ते तिला येतंय. येत नाहीये ते अपूर्णांकांची बेरीज, जी पाचवी-सहावीची गोष्ट आहे. खरं गणित असं: छेद १२ करायचा, ८क्ष आणि ३क्ष मिळून ११क्ष, ११क्ष/१२ = ११, म्हणून क्ष = १२. इतकं गोड उत्तर होतं.

मग मी बाकीचा पेपर त्या नजरेने बघितला. ज्या समीकरणात अपूर्णांक नाही ते दोन्ही बरोबर, सहाच्या सहा मार्क तिथलेच आहेत. जिथे छेद आला तिथे घात झाला, टक्केवारीचं गणितही तिथेच अडलंय कारण ३७.५ टक्के म्हणजे तीन अष्टमांश हे तिला माहीत नाहीये. म्हणजे तुमचे हे ज्या बीजगणिताला काढायला निघालेत ते बिचारं निर्दोष आहे, आणि ज्याने चोरी केली तो तीन वर्षांपूर्वीच खिडकीतून पळालाय.

खात्री करून घ्यायची असेल तर आज संध्याकाळी भाजी आणताना तिला घेऊन जा. पाव किलो गवार आणि अर्धा किलो टोमॅटो घ्या, आणि विचारा पिशवीत किती वजन झालं. ती पटकन सांगेल पाऊण किलो. घरी आल्यावर कागदावर १/४ + १/२ लिहून द्या. माझी पैज आहे ती २/६ लिहील. मग फक्त एवढंच विचारा, २/६ म्हणजे एक तृतीयांश, ते अर्ध्यापेक्षा जास्त की कमी? आणि गप्प बसा. टोमॅटोच एकटे अर्धा किलो होते, त्यात गवार टाकल्यावर पिशवी हलकी कशी झाली, हे तिचं तिला टोचू दे. तुम्ही सांगून टाकलंत तर मजा गेली.

आपल्या भाषेत पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच असे सुटसुटीत शब्द आहेत, अप्पांना विचारा, त्यांच्या लहानपणी घरातली म्हातारी माणसं पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी म्हणून दाखवत असतील. म्हणजे पाढेच, पण अपूर्णांकांचे. पाऊणकीत चौदाचे साडेदहा हे तोंडावर असायचं. मी काही ते परत आणा म्हणत नाहीये, घोकंपट्टीच होती ती आणि त्यातही मार खाल्लेली माणसं आहेत. पण त्या माणसाला पाऊण म्हणजे काय ते हाताला माहीत असायचं. तुमच्या मुलीला बाजारात माहीत आहे आणि वहीत माहीत नाही, मधे भिंत आहे.

ही भिंत शाळेत का पडत नाही, असं तुम्ही विचाराल. पोर्शन! आठवीला आलेल्या मुलाला सहावीचा अपूर्णांक शिकवायला आठवीच्या बाईंकडे तासच नाही. ६० पोरं, ३५ मिनिटांचा तास, त्यातली दहा मिनिटं हजेरी आणि वह्या, मधे निवडणुकीची ड्युटी, मधे कसली तरी ऑनलाइन माहिती भरायची, आणि दिवाळीच्या आत अमुक धडे झालेच पाहिजेत. मी पण हेच केलंय. "हे तुम्हाला मागच्या वर्षी झालंय" असं म्हणून पुढे गेलेय, शंभर वेळा. झालेलं नसतं, घेतलेलं असतं.

म्हणून अभ्यासक्रम बदलणार म्हटलं की मला पहिली भीती ही वाटते की धडे कुठले येणार, कुठले जाणार यावरच सगळी भांडणं होणार. आपल्याला सवयच आहे ती. २०१९ ला दुसरीच्या पुस्तकात सत्तावीस बरोबर वीस सात असंही वाचायला दिलं तर केवढा गदारोळ झाला होता आठवतंय? विधानसभेपर्यंत गेलं, व्हॉट्सॲपवर तर विनोदांचा पाऊस. मंगला नारळीकर त्या गणित समितीच्या प्रमुख होत्या, त्या सांगत होत्या की पोरं सत्तावीस ऐकून ७२ लिहितात, त्यांना सोपं जावं म्हणून दोन्ही रीती दिल्यात, जुनी काढलेली नाहीये. पण ऐकतंय कोण. पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या बाईला कुणी विचारलं नाही की बाई, तुमच्या वर्गात २७ चं ७२ किती जण करतात.

आता तुमच्या ह्यांच्याकडे वळू. त्यांना सांगा की ईएमआय-म्युच्युअल फंड पुस्तकात नाही असं नाहीये. स्टेट बोर्डाची नववीची नवी पुस्तकं २०१७ ला आली आणि दहावीची २०१८ ला, त्या दोन्हींत अर्थनियोजन नावाचं प्रकरण आहे, नववीत बचत, गुंतवणूक, आयकर, दहावीत जीएसटी, शेअर्स, म्युच्युअल फंड, एसआयपी सुद्धा. शेजारच्या घरातलं दहावीचं पुस्तक मागून आणा आणि त्यांच्या हातात द्या, बघू दे. आणि गंमत म्हणजे ज्या पोरांना बीजगणित जड जातं त्यांना हे प्रकरणही जडच जातं, कारण तिथेही शेवटी टक्के आणि गुणोत्तरच आहे.

आणि ईएमआय! ह्यांना एक गणित घाला माझ्याकडून. दुकानदार म्हणतो १ लाखाची वस्तू घ्या, १२ महिन्यांचे हप्ते, व्याज फक्त १२ टक्के फ्लॅट. म्हणजे १ लाख १२ हजार भागिले १२, महिन्याला ९,३३३ रुपये. शेजारी बँक म्हणते आमचंही १२ टक्केच, पण उरलेल्या शिलकीवर. तिथे हप्ता येतो साधारण ८,८८५. दोन्हीकडे पाटीवर १२ लिहिलंय आणि महिन्याला जवळजवळ साडेचारशे रुपयांचा फरक, का? कारण फ्लॅटमध्ये तुम्ही फेडून टाकलेल्या पैशावरही व्याज भरताय. बँकेच्या भाषेत त्या दुकानदाराचा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास पडतो. हे ८,८८५ कुठून आलं? क्ष मधूनच आलं, गुणोत्तर श्रेढी नावाचा प्रकार अकरावीला असतो, त्यातून. बीजगणित काढून ईएमआय शिकवणं म्हणजे पीठ न मळता पोळ्या लाटायला बसणं. फार तर मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये आकडे भरायला शिकवता येईल, पण तो आकडा खरा की फसवा हे विचारायला क्ष लागतोच.

एवढं मोठं नको असेल तर रिक्षा घ्या. फेब्रुवारी २०२५ पासून मुंबईत रिक्षाचं पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये आणि पुढे किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे. म्हणजे भाडं = २६ + १७.१४ × (क्ष − १.५). घाटकोपर स्टेशनहून पाच किलोमीटर गेलात तर ८६ रुपये. रिक्षावाले भाऊ हे तोंडी करतात आणि त्याला कुणी बीजगणित म्हणत नाही म्हणून ते सोपं वाटतं. मी आठवीच्या वर्गात हे फळ्यावर लिहिलं की मागच्या बाकावरची पोरं पुढे यायची, कारण कुणाचा बाबा, कुणाचा मामा रिक्षावर असायचाच.

अमेरिकेचं म्हणाल तर तिथली एक गोष्ट पूर्ण सांगा त्यांना. सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी शाळांनी २०१४ ला आठवीतलं बीजगणित काढून नववीत नेलं होतं. काढलं नव्हतं, पुढे ढकललं होतं. हेतू वाईट नव्हता, हुशार आणि ढ अशा दोन रांगा आठवीतच पडू नयेत असं म्हणणं होतं. झालं काय की ज्यांच्याकडे पैसे त्यांनी पोरांना बाहेर शिकवून घेतलं, ज्यांच्याकडे नाहीत ती राहिली. दहा वर्षं भांडून २०२४ ला ते परत आणायचं ठरलं. मुंबईत असं झालं तर काय होईल हे मी सांगायला नको, दादरला एकेका गल्लीत किती क्लासच्या पाट्या आहेत ते तुम्ही बघताच.

आणि आपल्याकडेही हा प्रयोग झालाय हो, लोक विसरलेत. मधली काही वर्षं बीजगणित-भूमितीऐवजी सामान्य गणित घेता यायचं, जनरल मॅथ्स. नवी पुस्तकं येताना ते गेलं. त्या काळात माझ्या वर्गात एक मुलगा होता, लालबागचा, हाताने फार हुशार, पंखा उघडून परत जोडायचा, पण गणितात चौदा-पंधरा मार्क. त्याच्या आईला मीच म्हटलं, जनरल घ्या, सुटेल. सुटला, चांगले पासष्ट पडले. नंतर कळलं की अकरावी सायन्सला गणिताची वाट त्याला बंद झाली, आणि तेव्हा मला ते नीट माहीतही नव्हतं, म्हणजे कागदावर होतं, मी त्याच्या बाबतीत विचार केला नाही. आता त्याचं घाटकोपरला ग्रिल आणि जिन्यांचं वर्कशॉप आहे, बरं चाललंय. दोन वर्षांपूर्वी भेटला तेव्हा जमिनीवर दोरीने तीन फूट, चार फूट, पाच फूट मोजून कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे की नाही ते बघत होता. मला म्हणाला, बाई, हेच होतं ना ते पायथागोरस, मग तेव्हा का नाही सांगितलंत. मी हसले, पण घरी येईपर्यंत ट्रेनमध्ये ते डोक्यातून गेलं नाही. म्हणून तुमच्या जाऊबाईंच्या सोप्या गणिताला मी इतकी बिचकतेय.

सीबीएसईचं थोडक्यात सांगते. तिथे दहावीला २०२० च्या परीक्षेपासून बेसिक आणि स्टँडर्ड असे दोन पेपर आले. पण अभ्यासक्रम दोन्हींचा एकच ठेवला, फक्त पेपर वेगळा! म्हणजे अपूर्णांक तिथेही तेच, वर बोर्ड बदलल्याचा गोंधळ, फी वेगळीच. फक्त गणिताला घाबरून बोर्ड बदलायचं असेल तर नको.

२० मार्कांचं लेकीने कुठून ऐकलं तेही खोटं नाहीये, २०२४ ला राज्याच्या नव्या अभ्यासक्रम आराखड्याच्या वेळी ती चर्चा होती की गणित-विज्ञानात ३५ न पडता निदान २० पडले तर मुलाला अडवायचं नाही, पण मार्कशीटवर तसा शेरा येईल आणि पुढे गणित-विज्ञान लागणाऱ्या शाखांकडे जाता येणार नाही. ज्या पोराचं वर्ष फक्त गणितापायी जातं त्याच्यासाठी मला हे माणुसकीचं वाटतं, कितीतरी मुली दहावीला गणितात गेल्या म्हणून लग्नं लावून दिलेल्या मी बघितल्यात. पण तुमच्या मुलीला त्याची गरज नाही. तिला सांगा, तो जिना आग लागली तर उतरायचा आहे, रोज वापरायचा नाही.

आता अप्पा. खरं तर मला या पत्रात सगळ्यात जास्त आवडले ते अप्पाच. ते म्हणतात ते निम्मं खरं आहे. भूमितीची सिद्धता गेली नाहीये, पुस्तकात आहे, पण पेपरात तिचं काय झालंय बघा. आमच्या वेळी बीजगणित ७५, भूमिती ७५ असे १५० मार्क असायचे, आता ४० आणि ४०, वर २० अंतर्गत. ४० मार्कांच्या भूमितीच्या पेपरात सिद्धता पुष्कळदा कृती म्हणून येते, म्हणजे अख्खी सिद्धता छापलेली आणि मधे मधे रिकाम्या चौकटी, त्या भरायच्या. पोरं काय करतात, चौकटीत काय येतं ते पाठ करतात. पक्ष काय, साध्य काय, इथून तिथे कसं जायचं याचा विचार छापणाऱ्याने करून ठेवलेला. शेवटचे दोन प्रश्न मिळून ११ मार्कांचे असतात, त्यात थोडं डोकं लागतं, तर क्लासवाले सांगतात ते शेवटी बघ, वेळ उरला तर. चौकटी वाईटच असं नाही, कच्च्या मुलाला पाय ठेवायला जागा मिळते त्यात. पण वर्षाला निदान तीन-चार सिद्धता कोऱ्या कागदावर, स्वतःच्या शब्दांत, चुकतमाकत लिहायला नकोत का.

पण अप्पा जे निम्मं चुकतायत ते हे की नातीला काही येत नाही. ताई, ती सेमी इंग्लिशला आहे. अप्पा म्हणत असतील "एकरूप त्रिकोण", आणि ती शाळेत शिकते "कॉन्ग्रुअंट". अप्पा म्हणतात समरूप, ती म्हणते सिमिलर. माझ्या बिल्डिंगमध्ये असे आजोबा-नातू मी डोळ्यांनी बघितलेत, दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलतायत आणि दोघांनाही वाटतंय समोरच्याला काही कळत नाही. सेमी इंग्लिश वाईट असं मी म्हणत नाही, पुढे कॉलेजात उपयोग होतो. पण एकरूप हा शब्द स्वतःच अर्थ सांगतो, एकच रूप, एकावर एक ठेवला की झाकला. कॉन्ग्रुअंट काहीच सांगत नाही, तो नुसता पाठ करायचा. ज्या घरात अप्पा आहेत त्या घरात हा शब्द फुकट मिळतो आणि तुम्ही तो वापरत नाही आहात.

तर कागदावर काय लिहायचं. जाहीर झालेल्या वेळापत्रकाप्रमाणे नववीचं नवं पुस्तक २०२७-२८ ला आणि दहावीचं २०२८-२९ ला यायचंय, म्हणजे तुमच्या लेकीच्या बॅचलाच दोन्ही वर्षं पहिला घास. पहिल्या बॅचचं काय होतं मला माहीत आहे, गाईडं उशिरा येतात, जुने पेपर नसतात, शिक्षकांचं ट्रेनिंग मे महिन्यात दोन दिवसांत उरकतात. तक्रार म्हणून लिहू नका, पण ही काळजी लिहा.

मी असते तर पहिलं हे लिहिलं असतं की नववीचे पहिले चार आठवडे कुठलाही नवीन धडा नको. अपूर्णांक, गुणोत्तर, टक्के, ऋण संख्या, एवढंच, आणि त्याचे तास वेळापत्रकात छापलेले हवेत, बाईंच्या मर्जीवर नकोत. कोठारी शिक्षण आयोगाने साठच्या दशकात दहावीपर्यंत सगळ्यांना गणित असं सांगितलं ते योग्यच होतं, पण सगळ्यांना म्हटल्यावर मागे राहिलेल्याला घ्यायला परत मागे जायची सोयही हवी ना. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याच्या वेळी आर. रामानुजम यांच्या गणिताच्या गटाने हेच लिहिलं होतं, की आपलं शाळेतलं गणित उंच आणि किडकिडीत झालंय, एकावर एक चढवत नेलेलं, खालची एक पायरी सुटली की वरचं सगळं हातातून गेलं. वीस वर्षं झाली त्याला. इमारत तशीच आहे, रंग दोनदा दिला.

दुसरं, सिद्धता कमी असल्या तरी चालतील पण पूर्ण हव्यात. हे वाक्य अप्पांच्या हाताने लिहून घ्या, त्यांना बरं वाटेल.

तिसरं म्हणजे सांख्यिकी खऱ्या आकड्यांवर हवी. पुस्तकात असतं "एका बागेतील झाडांची संख्या", कुठली बाग कुणास ठाऊक. त्यापेक्षा २६ जुलै २००५ घ्या. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला ७३. दोन्हींचा मध्य काढा, साधारण ५०९ येतो. आता पोरांना विचारा, ५०९ मिलिमीटर पाऊस पडलेली मुंबई त्या दिवशी कुठे होती? कुठेच नव्हती. मिठी नदीच्या काठाला घरं बुडाली आणि कुलाब्यात छत्री घेऊन ऑफिसला जाता येत होतं. सरासरी कधी फसवते हे एवढ्या एका गणितात कळतं, आणि मुंबईतल्या प्रत्येक घरात त्या दिवसाची एक गोष्ट आहे, त्यामुळे वर्ग आपोआप बोलायला लागतो.

बाकी ह्यांचं अर्थनियोजन असू द्या कागदावर, त्यात फ्लॅट व्याज आणि शिलकीवरचं व्याज यांची तुलना घाला असं लिहा, म्हणजे त्यांचाही मुद्दा राहिला. त्याने किती फरक पडेल विचारू नका, असे गठ्ठे कपाटात जाताना मी पाहिलेत. तरी लिहा. नाही लिहिलं तर ज्यांच्या मुलांना क्लास आहे त्यांचीच मतं जातील.

मुलीचं मात्र कागदाची वाट न बघता करता येईल. क्लास आत्ता लावू नका, क्लासमध्ये नववीचं शिकवतात आणि हिला सहावीचं हवंय. रोज रात्री जेवणानंतर वीस मिनिटं अप्पांबरोबर बसवा. अप्पांना एकच अट, पहिले पंधरा दिवस शिकवायचं नाही, फक्त विचारायचं, आणि "आमच्या वेळी" हे दोन शब्द उच्चारायचे नाहीत. जड जाईल त्यांना, मला कल्पना आहे. सहावीचं पुस्तक रद्दीत गेलं असेल तर बालभारतीच्या साइटवर फुकट मिळतं, अपूर्णांकांची प्रकरणं तेवढी प्रिंट काढा. तिने चुकीचं लिहिलं तरी फुली मारायची नाही, चुकीची ओळ कुठली ते तिनेच शोधायचं. आणि सुरुवात या पेपरातल्याच गणितापासून करा. तिला आधी हे सांगा की ३क्ष/७ = ११ च्या पुढचं सगळं तुझं बरोबर आहे, बाईंनी सांगितलंय. बघा चेहरा कसा होतो.

शाळेतल्या बाईंकडेही एकदा जा, भांडायला नाही, तो पेपर घेऊन जा आणि म्हणा, पुढची पायरी बरोबर आहे, एखादा मार्क मिळेल का? मिळो न मिळो, पण त्यांच्या नजरेत हिची फुली जरा वेगळी दिसायला लागेल. मला कुणी असं पेपर घेऊन आलं असतं तर राग आला असता, आणि मग रात्री पटलं असतं.

गवार-टोमॅटोचं काय झालं ते मात्र कळवा. तिने २/६ लिहिलं की नाही? पैज मी हरले तर तिला माझ्याकडून वडापाव.